मशीनच्या पायाखालचं झाकण

"कडा नीट घास. खरबरीत राहिल्या तर गिऱ्हाईक माझ्या नावानं ओरडतं, तुझ्या नाही," वखारवाला म्हणाला.

मिस्त्रींचा हात जागच्या जागी थांबला. बावीस वर्षं त्या लाकडाच्या वखारीत त्यांनी दारं कोरली होती. घासकामाला कालपरवा आलेल्या माणसाला बसवतात. वखारवाल्याचा बाप होता तोवर तो यांना 'अहो मिस्त्री' म्हणायचा. मुलगाही म्हणायचा. मशीन आलं त्या दिवसापासून 'अहो' गेलं.

मशीन शेडच्या मधोमध उभं होतं. पलंगाएवढं टेबल, त्यावर आडवी तुळई, तुळईला अडकवलेली मोटार आणि मोटारीच्या टोकाला गरगर फिरणारं पातं. संगणकात चित्र घातलं की ते पातं आपलं आपण लाकडावर फिरायचं आणि चित्र कोरून मोकळं व्हायचं. बाहेर उन्हानं शेतं भाजून निघाली होती, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. आत पत्र्याखाली भुसा घामाला चिकटत होता.

मिस्त्री ज्या दारावर घासकागद फिरवत होते, त्यावर एक वेल होती. वेल त्यांचीच. लग्न झालं त्या वर्षी बायकोच्या कपड्यांच्या पेटीच्या झाकणावर त्यांनी ती कोरली होती. मशीन आल्यावर वखारवाला घरी येऊन गोड बोलला होता, "काकू, झाकण दोन दिवस द्या. गिऱ्हाइकाला दाखवतो आणि परत आणून देतो." झाकणाचा फोटो शहरात गेला, फोटोचं चित्र झालं, चित्र मशीनमध्ये शिरलं. दोन दिवसांचे चार महिने झाले होते.

मिस्त्री एकदम हसले.

"दात काढायला काय झालं?"

"हे तिसरं पान बघा. वाकडं आहे."

"मग?"

"मग काही नाही. चाळीस दारं झाली, चाळिसांवर वाकडं. मी ते पान का वाकवलं होतं, विचारा की तुमच्या मशीनला."

"तुझ्यापेक्षा मशीनला जास्त कळतं," वखारवाला म्हणाला. "आणि तुला इथं प्रश्न विचारायला ठेवलेला नाही. घासायला ठेवलाय."

दहा माणसं हातातली कामं टाकून बघत होती. मिस्त्री उठले. उठताना त्यांची नजर खाली गेली. शेडची जमीन एका बाजूला खचलेली होती आणि मशीन डुगडुगू नये म्हणून चौथ्या पायाखाली काहीतरी सरकवलं होतं. धुळीनं माखलेलं. पण कडेची वेल ओळखू येत होती. ते पेटीचं झाकण होतं.

मिस्त्रींनी घासकागदाच्या सावकाश चार घड्या घातल्या, तो खिशात ठेवला आणि चालू लागले.

"निघालास कुठं? बाहेर कोण विचारतंय तुझ्या पटाशीला? असलं मशीन घ्यायला सात जन्म घ्यावे लागतील तुला!"

"घेणार नाही," मिस्त्री दारातून म्हणाले. "करीन."

अख्खी शेड हसली. सगळ्यात मोठ्यानं हसला तो मापाड्या. हा वखारीत लाकूड मोजायचा आणि गावात बातम्या वाटायचा. दिवस मावळायच्या आत गावाला कळलं की मिस्त्रींचं डोकं फिरलंय.

घरी पाऊल टाकताच बायकोनं विचारलं, "झाकण आणलंत?"

"दर्शनी भागात लावलंय त्यानं," मिस्त्री खोटं बोलले. "आणीन."

पेटी चार महिने पोत्यानं झाकलेली होती. बायकोनं पोत्याचा घसरलेला कोपरा ओढून नीट केला.

त्यांची मुलगी पंपांच्या मोटारी दुरुस्त करायची. चौकात तिचं एका खोलीचं दुकान होतं. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची. ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडला की उभं पीक डोळ्यांदेखत मान टाकतं. अशा वेळी कडक कपड्यांतले मोठे शेतकरीसुद्धा तिच्या दाराशी नरमाईनं उभे राहायचे. गाव तिला 'मोटारबाई' म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं गोठ्यात डोकावलं तर बाप भिंतीवर खिळा ठोकत होता. खिळ्याला घासकागद.

"हे काय बाबा?"

"मानपत्र. बावीस वर्षांचं."

झाकण कुठं आहे ते मिस्त्रींनी तिलाही सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातल्या लोखंडी शिकंज्याकडे बोट केलं. लाकूड आवळून धरायचा तो शिकंजा चाळीस वर्षांचा जुना होता.

"दांडा फिरवा."

मिस्त्रींनी फिरवला.

"एका फेऱ्यात जबडा किती सरकला?"

"एका आट्याएवढा."

"आणि दहा फेऱ्यांत?"

"दहा आटे. हे काय विचारणं झालं?"

"मग झालं की. दांड्याच्या जागी मोटार लावायची. डावी-उजवीकडे जायला एक, पुढं-मागं जायला एक, वर-खाली जायला एक. तीन शिकंजे एकमेकांवर चढवले की मशीन झालं. फेरे मोजायचं काम संगणकाचं."

मिस्त्री बराच वेळ दांडा उलटसुलट फिरवत राहिले. जबडा पुढं जात होता, मागं येत होता.

"एवढ्याच्या जोरावर त्यानं मला दहा माणसांत तसं ऐकवलं?"

"एवढ्याच्याच."

"उद्यापासून शेळ्या ओसरीवर बांध," मिस्त्री म्हणाले.

बायको गोठ्याच्या दारातून म्हणाली, "शेळ्या घरात आणि तुम्ही गोठ्यात. जागा बरोबर वाटून घेतलीत."

मुलीनं भंगारवाल्याकडून बंद पडलेली तीन झेरॉक्स मशीनं आणली. त्यांच्या पोटात गुळगुळीत सळया निघाल्या, आणि छोट्या मोटारी निघाल्या, ज्या सांगाल तेवढंच फिरतात आणि सांगाल तिथं थांबतात. पंपांतून काढलेल्या बेअरिंगांचा दुकानात ढीगच होता. आट्यांच्या लांब सळया भंगारातच मिळाल्या. मोटारींना हुकूम देणारी तळहाताएवढी पट्टी तेवढी पार्सलनं मागवली. लाकूड कापायला मिस्त्रींचं कडा कोरायचं हातमशीन होतंच.

हत्यारं म्हणाल तर गोठ्यात होती तीच. हाताची करवत, लोखंड कापायची करवत, कानस, रंधा, ड्रिल, काटकोन बघायचा गुण्या. दोन्ही बाजूंच्या फळ्यांची भोकं समोरासमोर आली नाहीत तर सळई तिरकी बसते. मुलीनं त्यासाठी कागदावर आकडेमोड मांडली. मिस्त्रींनी कागदाकडे बघितलंही नाही. दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून खिळ्यांनी ठोकल्या आणि एकदाच आरपार भोकं पाडली. खिळे उपटले तर भोकासमोर भोक. चौकट काटकोनात आहे की नाही, ते त्यांनी सुतळीनं बघितलं. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत तीच सुतळी. दोन्हीकडे सारखी भरली.

नट आवळताना मिस्त्री काहीतरी पुटपुटायचे. मुलीनं एकदा कान देऊन ऐकलं. "घास म्हणतो. घे. आता घास."

"बाबा, एवढं आवळू नका. आटे जातील."

"जाऊ देत त्याचे."

"त्याचे नाही. आपले जातील."

मापाड्या दर दोन दिवसांनी कुंपणाशी यायचा. "मिस्त्री, मालक विचारतात, विमान उडणार कधी?"

"सांग त्यांना, उडेल तेव्हा तुमच्या पत्र्यावरूनच जाईल."

सहा महिने असेच गेले. पाऊस आला आणि गेला. दमट हवेनं टेबलाचं प्लायवूड फुगलं, तेव्हा मुलीनं मशीनच्याच पात्यानं ते टेबल सपाट करून घेतलं. आपलं अंग आपणच तासणारं मशीन बघायला शेजारपाजारचे आले आणि पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

मग पहिलं खरं काम सांगितलं. एक गोल कापायचा. मशीन मुंगीच्या चालीनं फिरलं, भुसा उडाला, हातमशीन थांबलं. मिस्त्रींनी फुंकर मारली.

गोल नव्हता. अंडं होतं.

परत कापला. परत अंडं. सळया तपासल्या, नट बदलले, सुतळी परत लावली. आठ दिवस अंडी पडत राहिली. मापाड्यानं ते कुंपणावरून बघितलं आणि गावात सांगितलं की मिस्त्रींचं मशीन अंड्यावर आलंय. मिस्त्री रस्त्यानं निघाले की मागून कुणीतरी कोंबडीसारखं ओरडायचं.

"तुझ्या मोटारी भंगारातल्या," मिस्त्री मुलीवर उखडले.

"तुमचा गुण्या आजोबांच्या काळातला!"

"गुण्याला नाव ठेवायचं नाही!"

"मग मोटारींनाही ठेवायचं नाही!"

दोन दिवस दोघं बोलली नाहीत. तिसऱ्या दिवशी बायकोनं दोघांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं.

"ही फळी कोणी केली?"

"आम्हीच की," मिस्त्री म्हणाले.

"खणात नीट बसते?"

दोघांनी बघितलं. फळी आणि भिंत यांच्यात इंचभर फट होती.

"या फटीशी माझे डबे कलंडून पडतात. बारा वर्षं. खिडकीखालची फळी बघा, तीही इंचभर कमी. दाराआडची, तीही. हे मोजतात, ही कापते, आणि इंचभर कमी पडतं."

मुलगी हळूहळू बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही टेप एक इंचाच्या रेघेपासून धरता ना?"

"धरतोच. टोक झिजलंय त्याचं."

"आणि मला आकडा सांगताना एक वजा करून सांगता?"

"मग काय चुकीचा सांगू?"

"अहो, मी पण वजा करते! लहानपणापासून! तुम्ही एकापासून धरता म्हणून!"

मशीन किती सरकलं ते मोजून संगणकाला सांगायचं होतं, तेव्हा डावी-उजवीकडची फूटभर चाल मिस्त्रींनी मोजली होती आणि मुलीनं लिहून घेतली होती. पुढं-मागची चाल तिनं एकटीनं मोजली होती, कारण मिस्त्री सुटलेल्या शेळीमागं पळाले होते. म्हणजे एक बाजू बरोबर आणि दुसरीत फुटामागं इंचभर फरक. गोलाचं अंडं होणारच.

"आधी का नाही बोललीस?" मिस्त्रींनी बायकोला विचारलं.

"मला कोणी विचारलं? मोजमाप तुम्हा दोघांचं. मी आपली डबे झेलते."

दुपारपर्यंत आकडा बदलला आणि गोल कापला. बायकोनं त्यावर वाटी उपडी ठेवली. काठाला काठ लागला.

त्याच महिन्यात शाळेच्या नव्या सभागृहाच्या दाराचं काम निघालं. मोठं दार, त्यावर बारा कोरीव फळ्या, आणि सभागृहाच्या उद्घाटनाला महिना बाकी. नुसत्या हातानं ते एवढ्या दिवसांत होणारं नव्हतं. मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं, ज्याला काम हवं त्यानं शनिवारी एक नमुना फळी घेऊन शाळेच्या अंगणात यावं.

मिस्त्रींनी कागद घेतला आणि आठवणीतून पेटीची वेल काढली. तिसरं पान सरळ.

"बाबा, दुसरं काहीतरी कोरू या," मुलगी म्हणाली. "ही वेल बघितली की तो तुम्हालाच चोर म्हणेल."

"म्हणू दे," मिस्त्री म्हणाले. "सगळ्यांसमोर म्हणू दे. त्याचीच वाट बघतोय."

शनिवारी निघताना त्यांनी भिंतीवरचा घासकागद काढला आणि खिशात घातला.

अंगणात धुळीचा वारा सुटला होता. अर्धं गाव जमलं होतं, मुलं पायऱ्यांवर बसली होती. वखारवाल्याची फळी चकचकीत पॉलिश केलेली. मिस्त्रींची बिनपॉलिशची, साधी. दोन्ही भिंतीला टेकवल्या आणि वखारवाल्याचा आवाज चढला.

"बाई, हा चोर आहे! ही वेल माझी आहे. माझ्या चाळीस दारांवर हीच वेल आहे. कुणालाही विचारा!"

बाईंनी चष्मा लावला. "वेल एकच दिसते खरी. मिस्त्री, काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं काही नाही. मला मालकांना एकच विचारायचंय. मालक, तुमचं तिसरं पान वाकडं का आहे?"

"कला असते ती. तुला काय कळणार?"

"चाळीसही दारांवर?"

"चाळीसही!"

"मिस्त्री, तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "मुलांना ऐकू जाईल असं सांगा."

मिस्त्री मुलांकडे वळले. "झाडाला जिथून फांदी फुटते, तिथं आत लाकडात गाठ पडते. दगडासारखी टणक. तिथं पटाशी घातली की लाकूड चिरतं. मी पहिल्यांदा ही वेल कोरली ती एका पेटीच्या झाकणावर. नेमकी पानाच्या जागी गाठ होती, म्हणून पान तिला वळसा घालून नेलं. मशीनला गाठ माहीत नाही. त्यानं नुसता वळसा उचलला. आता यांच्या फळीवर गाठ शोधा."

मुलं धावली. बोटं फिरली. गाठ नव्हती.

"कसलं झाकण? कुठलं झाकण?" वखारवाला ओरडला. "कधीच हरवलं ते!"

"हरवलं नाही. तुमच्या मशीनच्या चौथ्या पायाखाली आहे."

बायांच्या घोळक्यातून मिस्त्रींची बायको पुढं आली. मिस्त्रींना तिच्याकडे बघवेना.

"दर्शनी लावलंय म्हणालात."

"हो."

"पायाखाली?"

"हो."

फाटकाबाहेर पहिली तीच पडली. तिच्यामागं बाई, बाईंमागं मुलं, त्यांच्यामागं गाव. वखार दोन वळणांवर होती. वखारवाला "अहो काकू, अहो काकू" करत शेवटी धावत होता.

मिस्त्रींनी पिशवीतून दोन पाचरी आणि हातोडा काढला. डावीकडून एक ठोका, उजवीकडून एक ठोका. मशीनचा पाय बोटभर उचलला गेला. बायको खाली वाकली आणि तिनं झाकण ओढून काढलं. तळहातानं धूळ पुसली. वेल होती, गाठ होती, गाठीला वळसा घालून गेलेलं पान होतं. आणि त्याच्याजवळ मशीनच्या पायानं पाडलेला गोल खड्डा होता.

बाईंनी वाकून बघितलं. "गाठ आहे," त्या म्हणाल्या. मग सरळ झाल्या. "दार मिस्त्री करतील."

"बाई, त्याचं मशीन गोठ्यातलं आहे हो!"

"दार उघडताना तसं कुणाला कळणार नाही."

मापाड्याला हसू आवरलं नाही, आणि मालकाची नजर त्याच्यावर पडली तेव्हा त्यानं खोकल्याचं सोंग केलं.

मिस्त्रींनी ठोका देऊन पाचरी काढून घेतल्या. "माझ्या आहेत," म्हणाले. मशीन धप्पदिशी खाली बसलं आणि डुगडुगायला लागलं.

"अरे, बघता काय? काहीतरी घाला त्याच्या पायाखाली!" वखारवाला आपल्या माणसांवर खेकसला.

मिस्त्रींनी खिशातून चार घड्यांचा घासकागद काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"हा घाला. तुमचाच आहे. सहा महिने जपून ठेवलाय. जाड वाटला, तर थोडा घासून घ्या."

घरी आल्यावर बायकोनं पेटीवरचं पोतं काढून बाहेर फेकलं आणि झाकण बसवलं. नीट बसलं. हे झाकण मिस्त्रींनी एकट्यानं मोजून एकट्यानं कापलेलं होतं. मुलगी रंधा घेऊन आली.

"आई, हात फिरवते. तो खड्डा निघून जाईल."

"हात लावायचा नाही," आई म्हणाली. तिनं बोटानं खड्ड्याची कड चाचपली. "झाकण ओढलं तेव्हा त्या वखारवाल्याचं तोंड बघितलंस ना? रोज झोपताना हा खड्डा बघणार मी. झोप चांगली लागेल."